नागापूर ते तारकर्ली: ना वर, ना तळाला

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीशेजारी वाढलेल्या मुलाला कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज नवे नसतात. माझा भाचा त्यातलाच. नोकरीनिमित्त तो नॉर्वेला गेला. तिथे चार-पाच अंशांच्या समुद्रात ड्रायसूट घालून डायव्हिंग करणारे सहकारी त्याने पाहिले. सुट्टीवर घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, तिकडच्या थंड पाण्यात उतरायच्या आधी आपल्या समुद्रात, आपल्या भाषेत शिकून घेतो."

आम्ही शिरूर, पुणे, कोल्हापूर करत फोंडा घाट उतरलो, कसालला मालवणचा फाटा धरला आणि तारकर्ली गाठली.

एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था इथे आहे. तिचा सरावाचा तलाव आठ मीटर खोल. आमच्या नगरकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधतात, कारण सगळी धडपड वर राहण्याची. इथे वरही यायचं नाही आणि तळाला बसायचंही नाही. आधी कमरेला शिशाची वजनं किती लावायची ते ठरलं: हवा भरायचं जॅकेट रिकामं करून, छातीभर श्वास घेऊन उभं राहिलं की पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. मग भाचा तळाशी पालथा झाला, फिन्सची टोकं तेवढी फरशीला टेकलेली. बटण दाबून त्याने जॅकेटमध्ये जराशी हवा घेतली. सावकाश श्वास घेतला, तसे खांदे वर उचलले. सोडला, तसे खाली आले. श्वास आणि हालचाल यांच्यामध्ये थोडा वेळ जातो. तेवढा धीर न धरता आणखी हवा भरली की माणूस थेट वर निघतो.

यामागचं कारण दाबात आहे. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि तीच हवा निम्म्या जागेत मावते. तीस मीटरवर दाब चौपट. खाली जाताना जॅकेटमधली हवा आक्रसते आणि माणूस जड होत जातो, वर येताना ती फुगते. सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांत पडतो, म्हणून उथळ पाणी सोपं समजू नये. श्वास रोखून वर आलं तर फुप्फुसाला इजा होते. शिवाय हवा संपत जाते तसा भरलेला सिलिंडर दोनेक किलोंनी हलका होतो, तोही हिशेब धरावा लागतो.

मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, पर्यटक मोठ्या संख्येने पाण्याखाली जातात. बहुतेकांचा तोल मार्गदर्शकच सांभाळतो आणि त्यात गैर काही नाही. पण फोटोसाठी प्रवाळावर उभं राहिलेलं माणूस पाहिलं की जीव तुटतो. हा १९८७ मध्ये जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याचा परिसर आहे, आणि प्रवाळ वाढायला वर्षांमागून वर्षं लागतात. पाण्यात उतरण्याआधी तासभर तरी तलावात तरंगायला शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. तलावात शिकून मग समुद्रात उतरलेला भाचा खडकापासून हातभर वर स्थिर राहिला. त्याच्या पोटाखालून माशांचा थवा निघून गेला.

ड्रायसूटमध्ये हाच तोल आणखी अवघड. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेतं, म्हणून गळ्याला आणि मनगटांना घट्ट पट्ट्या असलेल्या या पोशाखात अंग कोरडं राहतं आणि आत उबदार कपडे घालता येतात. पण त्या कपड्यांत हवा असते, त्यामुळे शिसं जास्त लागतं. खाली जाताना पोशाख अंगाला आवळतो, तेव्हा छातीवरच्या व्हॉल्व्हने हवा भरायची. वर येताना डावा कोपर उचलून दंडावरच्या व्हॉल्व्हमधून ती सोडायची.

खरा धोका हवा पायांकडे सरकण्याचा. पाय वर गेले की हवा बुटांत साठते, व्हॉल्व्ह तिच्याखाली राहतो आणि माणूस उलटा वर खेचला जातो. अशा वेळी गुडघे पोटाशी घेऊन पटकन कोलांटी मारायची आणि पाय खाली आल्यावर हवा सोडायची. नॉर्वेला परतल्यावर भाच्याच्या ड्रायसूट कोर्समध्ये हा सराव आहेच. परतीच्या वाटेवर, कोल्हापूरच्या अलीकडे, तो मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन त्याचीच तयारी करत होता.