परसांतील उतारा

शिक्षकाच्या अंगी जडलेली एक खोड सेवानिवृत्तीनंतरही जात नाहीं. ती खोड म्हणजे निकाल लावण्याची. शाळा सुटली, हजेरीपट सुटला, तरी दोन वस्तू समोर आल्या कीं त्यांत पहिली कोणती व दुसरी कोणती हें ठरविल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. गेल्या हिवाळ्यांत या खोडीपायीं घरांत जें घडलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें वास्तव्य जालना जिल्ह्यांतील अंकुशनगर येथें. समर्थ सहकारी साखर कारखाना येथेंच असल्यामुळें 'उतारा' हा शब्द पोराबाळांच्याही तोंडीं आहे. शंभर किलो उसांतून जितके किलो साखर निघेल, तो उतारा. परसांत आम्हीं दोघी सुनांस टोमॅटोसाठीं एकेक वाफा दिला. थोरलीनें बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'अर्क रक्षक' या संकरित वाणाचीं १२ रोपें लाविलीं. धाकटीनें राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या 'धनश्री' वाणाचीं ८. दोन्ही लावण्या दसऱ्याच्या सुमारास झाल्या.

झाडें फुलांवर येतांच आम्ही वही घेऊन सज्ज झालों. रीत सोपी. एका झाडाचे घोस मोजावे, एका घोसांतील फळें मोजावीं, एका फळाचें वजन घ्यावें आणि गुणाकार करावा. शितावरून भाताची परीक्षा करण्याचा स्थालीपुलाकन्याय आम्हीं मुलांस वर्षानुवर्षें शिकविलेला. थोरलीच्या वाफ्यांतील मोरीलगतचें झाड निवडून १५ घोस, घोसास ४ फळें व फळास ८० ग्रॅम असा हिशेब धरला. झाडास ४ किलो ८०० ग्रॅम, म्हणजे वाफ्यास साडेसत्तावन्न किलोंहून अधिक!

या वाणाच्या एका झाडास १९ किलो फळ आल्याची वार्ता वर्तमानपत्रांत पूर्वीं वाचली होती, म्हणून आमचा आंकडा आम्हांस विनयशीलच वाटला. वास्तविक, या वाणाचें उत्पन्न हेक्टरीं सुमारें ७५ टन सांगतात. आणि ओळींत ९० व रोपांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरांत सुमारें १८,५०० रोपें बसतात. भागाकार केला असता तर झाडास सरासरी ४ किलोच आले असते. परंतु एका झाडाची कीर्ति ऐकल्यावर भागाकार करावा असें कोणास सुचतें?

संक्रांतीच्या सायंकाळीं सर्व मंडळी जमलीं असतां आम्हीं वहींतून निकाल वाचला. "थोरलीचा वाफा २१ किलो, धाकटीचा ९. दुपटीहून अधिक!" थोरली संकोचली. धाकटीनें आम्हांस तिळगूळ दिला, नमस्कार केला, आणि कांहीं न बोलतां ती आंत गेली.

रात्रीं आमच्या कुटुंबानें विचारलें, "रोज सारांत पडतात ते टोमॅटो तुमच्या वहींत कुठें आहेत?"

आम्ही निरुत्तर झालों. धाकटीचा वाफा स्वयंपाकघराच्या दाराशीं. साराला, कोशिंबिरीला, आमटीला जो तो तेथूनच फळें तोडी. थोरलीचीं फळें टोपलींत भरून तराजूवर येत. धाकटीचीं बहुतेक थेट पातेल्यांत जात. पुढें चार दिवस आम्हीं स्वयंपाकासाठीं तोडलेलीं फळें मुकाट्यानें तोलून पाहिलीं. एकूण १ किलो भरलीं. म्हणजे रोजचीं पाव किलो. पहिल्या तोडणीपासून २८ दिवस झाले होते, तेव्हां अदमासें ७ किलो वहींत आलेच नव्हते. शिवाय १२ झाडांची ८ झाडांशीं तुलना करण्याची चूक तर तिसरींतल्या मुलानेंही केली नसती. झाडामागें हिशेब मांडला: थोरलीचे पावणेदोन किलो, धाकटीचे २ किलो.

दुसऱ्या दिवशीं पंगतींत सर्वांसमक्ष आम्हीं आपला निकाल मागें घेतला. धाकटी वाढतां वाढतां म्हणाली, "मामंजी, त्याचें वजन कशाला करायचें? घरांतच तर गेले." या वाक्यानें आम्हांस अधिकच लाज वाटली. जें घरांतच जातें तें हिशेबांत धरावयाचें नाहीं, हा नियम आम्हीं केवळ टोमॅटोपुरता पाळला होता असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होईना. तिचा सगळा दिवस त्या स्वयंपाकघरांतच जात होता.

कारखान्याच्या काट्यावर उसाची भरलेली गाडी तोलतात आणि ऊस उतरल्यावर रिकामी गाडीही तोलतात. निम्म्या तोलावर तेथें कोणी पैसे चुकते करीत नाहीं. आम्हीं मात्र निम्म्या तोलावर माणसाचा निकाल लावला.

पुढें चैत्रांतील उन्हानें फुलें गळूं लागलीं व हंगाम संपला. स्वयंपाकाचीं फळें धरून धाकटीचे २७ किलो भरले, थोरलीचे ३९. झाडामागें अनुक्रमें ३ किलो ३७५ ग्रॅम आणि ३ किलो २५० ग्रॅम. साडेसत्तावन्नांचा आमचा गुणाकार कोठल्या कोठें राहिला. भाताच्या पातेल्यांत आंच सर्व शितांस लागते. मोरीचें पाणी मात्र वाफ्यांतील प्रत्येक झाडास पोंचत नाहीं, आणि प्रत्येक फुलाचें फळही होत नाहीं.

पहिली कोण, असें नातीनें विचारलें. सव्वाशें ग्रॅमांच्या फरकावर आम्ही निकाल लावीत नाहीं, असें तिला सांगितलें. तराजू आतां स्वयंपाकघराच्या दाराशींच टांगला आहे.