धरावे कसे?

धरणे या क्रियापदावर मराठी माणसाचे फार प्रेम. आपण हट्ट धरतो, अबोला धरतो, उपवास धरतो, आणि एस. टी. थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागाही धरतो. इतका सराव असूनही वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, सातासमुद्रापलीकडे, एक प्लास्टिकची तबकडी हातात कशी धरावी हे मला कळेना! ही गोष्ट मी आमच्या कट्ट्यावर अजून कुणाला सांगितलेली नाही. तुम्हीही सांगू नका.

त्याचे असे झाले. 2019 साली आम्ही उभयता चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. तिकडे गेलेल्या आईबापांचे पहिले पंधरा दिवस डिस्नेलँड, देऊळ आणि किराणा मालाचे अवाढव्य दुकान पाहण्यात जातात. सोळाव्या दिवशी मुलाला प्रश्न पडतो, आता यांचे करायचे काय? त्या शनिवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, चला, डिस्क गोल्फ खेळायला जाऊ."

गोल्फ म्हटल्यावर माझा हात आपोआप खिशाकडे गेला. "केवढ्याला पडतं?"

"फुकट असतं."

मी बूट घातले.

पासाडेनाजवळ ओक ग्रोव्ह नावाचे एक उद्यान आहे. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी 1975 साली या खेळाचे पहिले कायमचे मैदान तिथे आखले. ज्या फ्रिस्बीने आपल्याकडच्या पोरांनीही शेजाऱ्यांच्या कुंड्या फोडल्या, त्या फ्रिस्बीत सुधारणा करून ती सरळ उडेल अशी करणारेही हेच. 2002 साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून काही तबकड्या घडवल्या गेल्या. आपल्याकडे रक्षा नदीला मिळते. हे गृहस्थ हवेत फिरत राहिले.

खेळ सोपा. दूर एका खांबावर टोपली, तिच्यावर लोंबत्या साखळ्या. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत पडली पाहिजे. गोल्फचाच हिशेब, फक्त चेंडू नाही आणि काठी नाही.

"बॅकहँडने फेका," चिरंजीव म्हणाले. म्हणजे उजवा खांदा टोपलीकडे करून आडवे उभे राहायचे, तबकडी छातीवरून मागे न्यायची आणि पत्ते वाटल्यासारखी पुढे सोडायची. मी पंगतीत ताट धरतात तशी ती धरली आणि फेकली. ती माझ्या मागे पडली. तिथे एक बाई कुत्रा घेऊन उभ्या होत्या. कुत्र्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी फक्त आमच्या हेडक्लार्कच्या डोळ्यांत पाहिली आहे.

मग शिकवणी सुरू झाली. पहिली मूठ-पकड. चारही बोटे खालून वळवून काठाच्या आतल्या बाजूला रुतवायची आणि वरून अंगठा दाबायचा. लांब पल्ल्यासाठी हीच घेतात. पण माझ्या बोटात सासऱ्यांनी दिलेली पुष्कराजाची अंगठी! तिला तो काठ खपेना, आणि अंगठ्याच्या सांध्यानेही जुने दुखणे काढले. तरी दात-ओठ खाऊन फेकली. तबकडी हातातून सुटायलाच उशीर झाला आणि ती उजवीकडच्या झाडीत गेली.

दुसरी पंखा-पकड. तर्जनी काठाशी, बाकीची बोटे तबकडीच्या पोटाखाली पंख्यासारखी पसरलेली. ही हाताला बरी वाटली. नेम चांगला साधतो, पण जोर कमी. मी हट्टाने जोर लावला, तर ती वेळेआधीच निसटून डावीकडे गेली.

"बाबा, या दोन्हींच्या मधलं काही बघू या," असे म्हणून चिरंजीवांनी आधी तबकडीच बदलली. लांब जाणाऱ्या तबकडीचा काठ रुंद असतो, तो माझ्या आखूड बोटांत मावत नव्हता. अरुंद काठाची दिली. मग त्यांनी माझा हात हातात घेऊन एकेक बोट बसवले. मधले बोट थोडे वळवलेले, शेवटची दोन पसरलेली. अंगठी काढून माझ्या खिशात टाकली. "आधी सैल धरा, सोडताना आवळा. आणि दुखलं की लगेच बदला. हाताला सोयीचं वाटेल तेच बरोबर."

फेकली. गेली की हो! सरळ गेली आणि शेवटी डावीकडे झुकून टोपलीच्या अलीकडे टेकली. मग चिरंजीवांनी फेकली, तर ती शेवटी उजवीकडे झुकली.

"तुझी उलटी कशी वळते रे?"

"डाव्या हाताने फेकली की उलटी फिरते, बाबा."

तासभर बरोबर खेळत होतो आणि माझ्या लक्षात आले नव्हते!

हा मुलगा पाच वर्षांचा असताना डाव्या हातात पेन्सिल धरायचा. मी ती काढून उजव्यात द्यायचो. लोक काय म्हणतील, प्रसाद कुठल्या हाताने घेणार, ही माझी शास्त्रे. दोन-तीनदा पट्टीही उगारली. एकदा नुसती उगारली नाही. पुढे दहावीपर्यंत मी त्याच्या अक्षराला नावे ठेवली. कोंबडीचे पाय म्हणायचो. त्या कोंबडीला मीच लंगडी केली होती, हे कधी डोक्यात आले नाही.

"मग लिहितोस कुठल्या हाताने?" मी शक्य तितक्या सहज विचारले.

"उजव्याच. आता तीच सवय." त्याने तबकडी उचलली. "चला, तुमची पाळी."

मी नीट धरली. साखळ्या खळ्ळकन वाजल्या असे लिहायला मला आवडले असते. पण तबकडी टोपलीवरून गेली.

घरी आलो तर चार वर्षांची नात जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. खडू डाव्या मुठीत गच्च आवळलेला. सौ. लाडाने म्हणाली, "अगं, तो हात नाही सोन्या," आणि खडूकडे हात नेला.

"राहू दे," मी म्हणालो.

"अहो, पण धरलाय कसा बघा तरी!"

"मूठ-पकड आहे ती. लांब पल्ल्याची. तुला नाही कळायचं."