दोर आणि कडी

उद्वाहन निरीक्षक या पदनामाचा उलगडा करून, म्हणजे मी सरकारतर्फे इमारतींतील लिफ्ट तपासतो असे सांगितले, की समोरचा गृहस्थ, मग तो प्राध्यापक असो, पेढीवरचा व्यापारी असो वा आमच्याच खात्याच्या हिशेबशाखेतला कारकून असो, क्षणभर थांबतो आणि एकच प्रश्न विचारतो: ‘दोर तुटला तर?’ एकतीस वर्षांच्या नोकरीत लग्नाच्या पंगतीत, आगगाडीच्या डब्यात, रुग्णालयाच्या बाकावर हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे सविस्तर उत्तर एकदा लिहून काढावे, असे पुष्कळ दिवस मनात होते. प्रश्नामागची भीती खरी आहे आणि तिचा मी आदर करतो. परंतु तिने धरलेली जागा चुकलेली आहे, आणि या चुकीपायी जेथे खरोखर भ्यावयास हवे तेथे माणसे निर्धास्तपणे पाऊल टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रथम दोराविषयी. लिफ्ट एका दोराला टांगलेली नसते. साध्या सहा माणसांच्या लिफ्टलाही तीन-चार पोलादी दोर असतात, आणि त्यांतला एकटा दोरही भरलेली केबिन तोलून धरील, इतकी ताकद प्रत्येकाच्या अंगी हिशेबाने ठेवलेली असते. तरीही सर्व दोर एकाच वेळी तुटले असे धरून चालले, तर त्याचीही तजवीज फार जुनी आहे. १८५४ साली न्यू यॉर्क येथील क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस या यंत्रकाराने उंच चढविलेल्या फळीवर स्वतः उभे राहून भर गर्दीसमोर तिचा दोर तोडावयास लावला, तेव्हा फळी किंचित खचली आणि जागच्या जागी अडकली. कारण दोराचा ताण नाहीसा होताच माथ्यावरची पोलादी स्प्रिंग पसरून तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी खांबांत रुतून बसली. तीन वर्षांनी, १८५७ साली, ब्रॉडवेवरील एका पाचमजली दुकानात त्याने प्रवाशांसाठी लिफ्ट बसविली.

आजच्या लिफ्टमध्ये तेच काम गव्हर्नर नावाचे एक चाक करते. मशीन रूममध्ये एका कोपऱ्यात ते केबिनबरोबर निमूटपणे फिरत असते. केबिनची गती नेमलेल्या गतीहून साधारण १५ टक्क्यांपलीकडे गेली, की त्याच्या अंगची वजने केंद्रापासून दूर फेकली जातात, चाक आपला दोर पकडून धरते आणि त्या हिसक्याने केबिनखालच्या पाचरी वर ओढल्या जाऊन दोन्ही बाजूंच्या रुळांना मगरमिठी मारतात. चाचणीत हे घडवून आणल्यावर केबिन पुन्हा वर ओढल्याखेरीज ती मिठी सुटत नाही, आणि रुळांवर बोटभर लांबीचे दोन उजळ ओरखडे मागे राहतात. ते दिसल्यावाचून मी कधीही शेरा लिहिला नाही. २८ जुलै १९४५ रोजी धुक्यात वाट चुकलेले एक लष्करी विमान न्यू यॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर आदळले, तेव्हा एका लिफ्टच्या दोरांबरोबर गव्हर्नरचा दोरही तुटला आणि केबिन ७५ मजले खाली कोसळली; तीत असलेली बेटी लू ऑलिव्हर ही लिफ्टचालक तरुणी गंभीर जखमी झाली, पण वाचली. दोरभयाने ग्रासलेल्या माणसाला मी ही हकीकत सांगतो, आणि त्यासाठी विमान यावे लागले, याकडे त्याचे लक्ष वेधतो.

आणखी एक गोष्ट ऐकून लोक चकित होतात. केबिनच्या दुसऱ्या टोकाला जो काउंटरवेट असतो, त्याचे वजन रिकामी केबिन अधिक जवळजवळ निम्मा भार इतके राखलेले असते. त्यामुळे एकट्यादुकट्या माणसाला घेऊन जाणाऱ्या लिफ्टचा ब्रेक निकामी झाला, तर ती पडत नाही, वर जाते. पातळाची कड सावरत मुठी आवळून उभ्या असलेल्या एखाद्या आजींना वाटते की आपल्या पायाखाली पाताळ आहे. वस्तुतः त्यांना खाली आणण्यासाठी यंत्राला जोर लावावा लागत असतो.

दोरांची तपासणी मात्र मला या व्यवसायातील सर्वांत चित्तवेधक गोष्ट वाटत आली आहे. जुन्या इमारतींची मशीन रूम म्हणजे गच्चीवरची एक खोली: कबुतरांची पिसे, ग्रीसचा दाट वास, तापलेल्या तांब्याची किंचित आंबूस झाक, आणि मध्यभागी ते खाचांचे मोठे चाक, ज्याचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान चाळीसपट असावा लागतो, कारण त्याहून लहान चाकावर वाकून वाकून दोराच्या तारा थकतात. लिफ्ट तपासणीच्या मंद गतीने चालवावयास सांगून मी सुती फडके दोरावर सैलसर धरीत असे. तार तुटली असेल तर तिचे टोक केसाएवढे बाहेर आलेले असते. डोळ्यांना ते चुकते, फडक्याला चुकत नाही. दोराच्या पेडांतून वीटकरी रंगाची भुकटी झिरपू लागली, तर बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या दोराच्या पोटातले तेल आटले असून आतल्या तारा एकमेकींना झिजवीत आहेत, असे समजावे. मुंबईच्या खाऱ्या हवेत हा रोग लवकर जडतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, ती कडी.

लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावर एक दरवाजा असतो आणि त्या दरवाजाच्या कडेला, पत्र्याच्या पेटीत, तळहातावर मावेल एवढे एक कुलूप असते. त्याची कामे दोन: केबिन त्या मजल्यावर नसताना दरवाजा उघडू द्यावयाचा नाही, आणि कडी पुरती बसल्याशिवाय विजेचा प्रवाह जोडू द्यावयाचा नाही, म्हणजे लिफ्टला हलू द्यावयाचे नाही. दोर तुटून मेलेला मनुष्य माझ्या सबंध नोकरीत मला आढळला नाही. दरवाजा उघडून रिकाम्या विवरात गेलेली माणसे मात्र आढळली, आणि त्यांतील एकाविषयी येथे लिहिणे मला कर्तव्य वाटते.

गिरगावातली पाचमजली इमारत, सरकजाळीच्या दरवाजांची जुनी लिफ्ट. चौथ्या मजल्यावरचा दिवा गेलेला. एका छापखान्यात सारा जन्म खिळे जुळविण्यात घालविलेले एक निवृत्त गृहस्थ संध्याकाळी फिरावयास निघाले, त्यांनी नेहमीप्रमाणे जाळी ओढली, ती उघडली, आणि उघडली त्या अर्थी लिफ्ट समोर आहे, असा चाळीस वर्षांच्या सवयीने समज करून घेऊन ते आत गेले. लिफ्ट तळमजल्यावर होती.

अपघाताची वर्दी निरीक्षकाकडे जावी आणि त्याच्या परवानगीखेरीज लिफ्ट पुन्हा चालू होऊ नये, हा दंडक मुंबई इलाख्यात १९३९ साली लिफ्टचा कायदा झाला तेव्हापासूनचा आहे. २०१७ साली महाराष्ट्राने सरकत्या जिन्यांनाही कवेत घेणारा नवा कायदा केला. त्या दंडकानुसार दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौथ्या मजल्यावर गुडघे टेकून त्या कुलपाची पेटी उघडली. आत तांबड्या वायरचा चार बोटे लांबीचा तुकडा होता. विजेच्या संपर्काची दोन्ही टोके त्याने परस्पर जोडून टाकली होती, म्हणजे कडी बसो वा न बसो, लिफ्टला ती बसल्याचाच निरोप मिळत होता. त्या वायरीची टोके स्वच्छ सोललेली होती, स्क्रूखाली त्यांनी सुबक वळसा घेतला होता. ते काम कुशल हाताचे होते, आणि या गोष्टीने मला जितके दुःख झाले तितके बेढब काम पाहून झाले नसते.

चौकशीत जे निष्पन्न झाले ते साधे होते. झिजलेली कडी नीट बसत नसल्यामुळे गणपतीच्या दिवसांत लिफ्ट वारंवार थांबू लागली. घरोघर पाहुणे, वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसे, तक्रारींचा भडिमार. नवे कुलूप यावयास चार दिवस लागणार होते, म्हणून ‘तेवढ्यापुरते’ असे म्हणून तंत्रज्ञाने वायर जोडली, लिफ्ट विनाथांबा चालू लागली, आणि त्याच आठवड्यात त्याची बदली दुसऱ्या विभागात झाली. नोंदवहीत एक ओळही नव्हती. त्या चार दिवसांचे सात महिने झाले. लिफ्ट थांबत होती, म्हणजे कडी बसत नाही ही बातमी ती सर्वांना ओरडून सांगत होती. सर्वांनी मिळून तिचे तोंड बंद केले, आणि ती गप्प झाली याला दुरुस्ती असे नाव दिले.

असे ‘जंपर’ पुढे मला अनेक ठिकाणी सापडले, आणि प्रत्येक वेळी मी लिफ्ट बंद करण्याचा हुकूम दिला. हे सोपे नसते. एका इमारतीत सहाव्या मजल्यावरच्या एका बाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागे. त्यांचा मुलगा माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, आणि हुकूम न फिरवता मी नुसता उभा राहिलो. पुढचे नऊ दिवस इमारतीतली तरुण मुले त्या बाईंना खुर्चीत बसवून उचलून नेत होती. त्या बाईंचा मी अपराधी आहे, असे मला आजही वाटते, आणि तोच हुकूम मी आजही देईन.

वाचकांसाठी दोन गोष्टी एवढ्यासाठीच लिहितो, की त्या कोणी सांगत नाही. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली तर आत बसून राहावे. हवा पुरते, दोर पुरतात. दरवाजा फाकवून खालच्या मजल्यावर उडी मारणाऱ्याचा पाय घसरला, की केबिनच्या खाली जे विवर उघडे पडलेले असते त्यात तो मागच्या मागे जातो. आणि आत लावलेल्या पाटीवरचा आकडा माणशी ६८ किलो धरून काढलेला असतो, सहा माणसांना ४०८. लग्नघरचे पाणी भरलेले पिंप कोणत्या माणसाच्या नावे धरावयाचे, याचा विचार ते चढविणाऱ्याने करावा.

निवृत्तीच्या आदल्या महिन्यात दादरच्या एका जुन्या इमारतीत मी नियमित तपासणीस गेलो, तो लिफ्ट बंद. तळमजल्यावर दोरी बांधलेली आणि प्रत्येक मजल्याच्या दरवाजावर हाताने लिहिलेला कागद डकविलेला. रखवालदाराने नोंदवही पुढे केली. जेमतेम पंचविशीतल्या एका तंत्रज्ञाने आदल्या दिवशी तीत लिहिले होते: तिसऱ्या मजल्याची कडी अर्धीच बसते, कुलूप बदलेपर्यंत लिफ्ट बंद, दुपारी ४ वाजून १० मिनिटे, आणि खाली सही. सोसायटीचे चिटणीस जिन्यावर उभे राहून त्याच्याविषयी बरेच काही बोलत होते. मी तिसऱ्या मजल्यावर चढून गेलो, पेटी उघडून कडी बोटाने दाबून पाहिली, आणि खाली येऊन त्या मुलाच्या सहीखाली माझी सही केली.