पुट्टीखालची ओल

आम्ही नवराबायको मिळून घरदुरुस्तीची कामं घेतो. एकाच्या हाती थापी, दुसरीच्या हाती वही. त्याआधी बरीच वर्षं नाक्यावर उभं राहून रोजानं राबलो. आपल्या समाजात हुन्नरी मिस्त्री वस्तीवस्तीत आहेत, पण ठेकेदार बोटांवर मोजण्याइतके. भिंत आपण उभी करायची आणि हिशेब दुसऱ्यानं करायचा, हे कुठवर चालायचं?

वाट सापडली ती सिडकोत. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, सिडकोनं सत्तरच्या दशकापासून एन-१, एन-२ करत वसाहती वसवल्या. त्यातली कितीतरी घरं आता म्हातारी झालीत. स्लॅबचे पोपडे पडतात, न्हाणीच्या भिंती ओल धरतात. अशी घरं कमी भावात घ्यायची, दुरुस्त करून, रंगवून विकायची, हा काहींचा धंदाच आहे. कर्ज थकलं की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँका घरं लिलावात काढतात, तीही हे लोक घेतात. मिस्त्रीवर एकदा विश्वास बसला, की त्याला घरामागून घर मिळतं.

आमचं पहिलं घर असंच मिळालं. गच्ची गळत होती. मालक म्हणाले, "कोबा उखडत बसू नका. पुट्टी मारा, रंग द्या. मे महिन्यात विकून मोकळा होतो." हाताला काम हवं होतं, लेकरांची फी भरायची होती. आम्ही पुट्टी मारली.

पावसाळ्यात विहारात वंदनेनंतर एक बाई भेटल्या. नवरा वाळूजच्या कंपनीत कामाला. मोठ्या आनंदानं सांगू लागल्या, "जयभीम ताई, आम्ही घर घेतलं! कर्ज काढलं, दागिने मोडले. पण पहिल्याच पावसात भिंत फुगली हो. बाबासाहेबांचा फोटो काढून ठेवावा लागला." पत्ता विचारला, आणि आमच्या पायाखालची जमीन सरकली. ते आम्हीच रंगवलेलं घर होतं.

त्या रात्री आम्हांला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन खरं ते सांगितलं. पावसानं उघडीप दिली तेव्हा जुना कोबा उखडून वीटतुकड्यांचा नवा कोबा केला. माल आमचा, मजुरी आमची. कमावलेलं सगळं गेलं. बाई आधी खूप रागावल्या, शेवटच्या दिवशी चहा दिला.

तेव्हापासून आम्ही आधी गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून पाहतो. ओल असेल तर आधी ओल काढायची, मगच रंग. हे ऐकून ते मालक गेले, ते परत आले नाहीत. नवं काम मिळायला सहा महिने लागले, हेही सांगायला हवं.

पण मिळालं. कसं, ते आपल्या मिस्त्रीभावांसाठी लिहितो. घरांचे दलाल आणि हार्डवेअरचे दुकानदार यांना जुनं घर कोण घेतंय हे आधी कळतं. त्यांच्याकडे नाव-नंबर ठेवा. आधी एखादी न्हाणी मागा आणि ती दिलेल्या तारखेला पुरी करा. घर घेणाऱ्याचा पैसा अडकलेला असतो, व्याज चालू असतं, म्हणून त्याला दहा रुपये कमी घेणाऱ्यापेक्षा तारीख पाळणारा हवा असतो. खोलीवार अंदाजपत्रक लिहून द्या : किती फरशी, किती प्लास्टर, माल कोणाचा, किती दिवस. वाढीव काम निघालं तर आधी कागदावर सही, मग हातोडा. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो जपून ठेवा. पुढच्या मालकापुढे तेच आपली ओळख. पैसे टप्प्याटप्प्यानं घ्या. "घर विकलं की देतो" म्हणणाऱ्याला हात जोडा. आणि दोन खोल्यांचा हॉल करायला कोणी भिंत पाडायला सांगितली, तर इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय घण उचलू नका. जुन्या घरात कित्येकदा त्याच भिंतीवर स्लॅब टेकलेला असतो.

ठेकेदार झालो तरी नाका विसरायचा नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमच्या हाताखालच्यांना तो आम्ही न मागता देतो. आम्हांला मात्र कोणी दिला नव्हता.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला सांगितलं आहे : कमाईचे चार भाग करा, एक खर्चाला, दोन धंद्याला, एक अडचणीसाठी. त्याच सुत्तात कामकऱ्याला झेपेल तेवढं काम, पोटभर अन्न, मजुरी आणि आजारपणात काळजी देण्याचंही सांगितलं आहे. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर हे चार भाग आखलेत. चौथा भाग अजून दर महिन्याला भरत नाही. पण पुट्टी मारून तो भरायचा नाही, एवढं आमचं ठरलंय.

त्या बाईंच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो पुन्हा लागला आहे. दर पावसाळ्यात आम्ही तिथे चक्कर टाकतो, भिंतीला हात लावून बघतो. कोरडी लागली की बरं वाटतं. जयभीम!