वहीतलं जुनं पान

यंदा लेकीचा बारावीचा निकाल लागला आणि आमच्या घरी हिशेबाची वही निघाली. लातूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. विज्ञान शाखेत तिला ८४ टक्के पडले. तिला संख्याशास्त्र शिकायचं आहे. गावातल्या कॉलेजात बीएस्सी आहे, पण संख्याशास्त्र मुख्य विषय म्हणून नाही. तो पुण्यातल्या कॉलेजात आहे.

रात्री इशाची नमाज झाल्यावर मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. गावचं कॉलेज घरापासून चालत पंधरा मिनिटं. फी ९,००० रुपये, पुस्तकांचे ३,०००. वर्षाला १२,०००. पुण्याची फी ३८,०००, खोली आणि मेस दहा महिन्यांचे ९०,०००, पुस्तकं आणि जाण्यायेण्याचे १२,०००. एकूण १ लाख ४० हजार. म्हणजे फीपेक्षा राहण्याजेवण्याचाच खर्च दुपटीहून जास्त. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. शाळा अंशतः अनुदानित, त्यामुळे पगारही टक्क्यांतच येतो. मुलांच्या अब्बांचं सायकलचं दुकान आहे.

आम्ही ओबीसीत मोडतो, म्हणून सवलतीही पाहिल्या. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुलींना शंभर टक्के शुल्कमाफी दिली, पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साध्या बीएस्सीला तिचा उपयोग नाही. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार.

शेजारच्या खाला म्हणाल्या, “इत्ती दूर कायकू? लडकी जात है.” मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. फक्त मी ते आकड्यांच्या भाषेत मांडत होते.

लेक शेजारी बसून वही चाळत होती. चाळता चाळता ती २०२१ सालच्या पानावर थांबली. तिच्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं पान. तिने विचारलं, “अम्मी, भाईजानच्या पानावर जवळचं कॉलेज का नाही?”

मी पाहिलं. त्या पानावर मधोमध रेघच नव्हती. पुण्याची फी लिहिली होती आणि खाली पैसे कुठून आणायचे ते. पतसंस्थेचं कर्ज दीड लाख, माझ्या दोन बांगड्या, दिराकडून उसने. लातूरलाही इंजिनिअरिंग कॉलेज होतं. ते आम्ही कागदावरसुद्धा घेतलं नव्हतं. मुलासाठी प्रश्न होता, कसं पाठवायचं? मुलीसाठी प्रश्न झाला, पाठवायचं का?

मला माझे दिवस आठवले. २००२ मध्ये मी मराठी घेऊन बीए झाले. एमएला औरंगाबादच्या विद्यापीठात जायचं होतं. अब्बा म्हणाले, इथेच बीएड कर, एका वर्षात नोकरीला लागशील. तेव्हा बीएड एका वर्षाचं होतं. अब्बांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्या जवळच्या, स्वस्त कॉलेजने मला वीस वर्षं रोजी दिली. गावातल्या कॉलेजला नावं ठेवणं म्हणजे माझ्याच पायाखालची जमीन नाकारणं. जो विषय हवा तो घराजवळ मिळत असेल, तर लांब जाण्यात काही मोठेपणा नाही. सल एवढीच, की तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता मीही लेकीला न विचारताच रेघ मारून बसले होते.

काळजी मात्र खोटी नव्हती. म्हणून आम्ही दोघी पुण्याला जाऊन आलो. वसतिगृहाचं गेट किती वाजता बंद होतं, रात्री आजारी पडलं तर कोण नेतं, कॉलेजपर्यंतचा रस्ता कसा आहे, सगळं विचारलं. तिथल्या मुलींशी बोललो. ‘लांब आहे’ या एका शब्दात जी भीती होती, तिचे असे पाच-सहा प्रश्न झाले आणि बहुतेकांची उत्तरं मिळाली. एकाचं नाही मिळालं. मेसचं जेवण कसं आहे, यावर सगळ्या नुसत्या हसल्या.

परत येऊन मी वहीत नवीन पान घेतलं. पतसंस्थेतून पुन्हा एक लाख. मुलाला यंदा नोकरी लागली, तो महिन्याला ४,००० देणार. उरलेलं पगारातून आणि दुकानातून. ओढाताण होणार, या ईदला नवे कपडे नाहीत. तिचे अब्बा म्हणाले, “पोराच्या वेळी झालंच ना? आत्ताही होईल, इन्शाअल्लाह.”

तुमच्याही घरात सध्या अशी वही उघडली असेल. जवळचं कॉलेज निवडा किंवा लांबचं, ज्याची त्याची ऐपत वेगळी आणि गरजही वेगळी. फक्त रेघ मारण्याआधी मुलाचं जुनं पान एकदा उलटून बघा. तिथे रेघ नसेल, तर मुलीच्या पानावर ती कशासाठी मारतोय, हे स्वतःला विचारा.