न झाडलेला कोपरा

हिवाळ्यात पाखरांना खाऊ घाला, हा सल्ला मुळात बर्फाच्या देशांतला. तिकडे बी-किडा सगळं बर्फाखाली जातं, रात्र लांबते आणि मूठभर बिया एखाद्या इवल्या पाखराला सकाळ दाखवतात. आमच्या भामरागडला मात्र थंडी येते ती धानाच्या कापणीमागोमाग. बांध्यांत दाणे सांडलेले असतात, पुंजणे रचलेले असतात, पर्लकोटा नदीच्या काठच्या ओल्या गाळात किडे असतात. पाखरांसाठी ही सुगीच. त्यांची खरी ओढाताण एप्रिल-मेमध्ये, पाणवठे आटल्यावर.

मग मी अंगणात पाखरांसाठी मांडामांड का करतो? ती जवळ यावीत म्हणून. हा सरळसरळ माझा स्वार्थ आहे. तो एकदा मान्य केला की कोणाला काय द्यायचं याचा विचार नीट करता येतो.

दाण्यांना भुलणारी मंडळी मोजकीच. चिमण्या, ठिपकेवाले होले, मुनिया. त्यांच्यासाठी न सडलेलं धान किंवा कोसरी पुरते. शेजारच्या छत्तीसगडात धानाच्या लोंब्यांची झालर विणून दारावर टांगतात. मला ती पद्धत फार आवडते. लोंबीला लटकून दाणा सोलणारी मुनिया पाहावी. चोचीत दाणा फिरतो, तूस खाली गळतं आणि तेवढ्यात तिचा डोळा चहूकडे फिरून येतो. मीठ-तेलाचं काहीही, शेव-फरसाण, शिळा पाव मात्र टाकू नये.

पण अंगणातली निम्म्याहून अधिक पाखरं दाण्याकडे ढुंकून पाहत नाहीत. दयाळ, कोतवाल, सातभाई यांना किडे हवेत. हिवाळ्यापुरता मुक्कामाला येणारा थिरथिरा, सतत शेपूट थरथरवत कुंपणावर बसतो, त्यालाही किडेच हवेत. धोबीही त्यातलाच. त्यांना खाऊ घालायचं म्हणजे खराटा आवरायचा. मी पुढचं अंगण झाडतो, मागचा सीताफळाखालचा कोपरा झाडत नाही. तिथे पाला साचतो, पाल्याखाली ओल राहते, ओलीत किडे होतात. सकाळी सातभाईंची टोळी येते आणि चोचीने पान उडवून खालचं टिपते. सगळी खाली उतरली तरी एखादा उंच फांदीवर पहाऱ्याला असतोच. त्याने आवाज दिला की क्षणात कोपरा रिकामा.

पाण्याला मात्र सगळेच येतात. भांडं मातीचं, पसरट, दोन बोटं खोल, खडबडीत तळाचं असावं. पाणी रोज बदलावं आणि भांडं काथ्याने घासावं, कारण घाणेरड्या भांड्यातून पाखरांत रोग पसरतात. ते झुडपापासून फार दूर नको आणि फार जवळही नको. दूर असलं तर शिकरा झडप घालतो, जवळ असलं तर मांजर दबा धरतं.

आमच्याकडे आणखी एक धोका आहे, गुलेल. पाखरू मारून खाणं हा इथे कधी खेळ नव्हता, तो पोटाचा प्रश्न होता. जवळच हेमलकशाला 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथलं प्राण्यांचं अनाथालयही शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेल्या पिलापासून सुरू झालं. भुकेला उपदेश करून काही होत नाही. मी एवढंच करतो की दाणा रोज एकाच जागी आणि ढीगभर टाकत नाही, म्हणजे नेम धरणाऱ्याचं काम माझ्या हातून सोपं होत नाही. आणि बघायला आलेल्या पोरांना शेजारी बसवून घेतो. सातभाईंतला पहारेकरी कुठला, हे माझ्याआधी तीच ओळखतात.

जानेवारी सरता सरता काटेसावर फुलू लागते आणि मैना, कोतवाल, बुलबुल तिकडे गर्दी करतात. अंगण ओस पडतं. मी ते अपयश मानत नाही. रानात जेवण असताना पाखरांनी आपल्या दाराशी यावंच कशाला?

फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पाखरांची गणना होते. 1998 साली अमेरिका-कॅनडात ती सुरू झाली आणि 2013 पासून भारतातही होते. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, दिसेल ते मोजायचं आणि कळवायचं. यंदा तुम्हीही बसा. दाण्यांची पिशवी नंतर आणली तरी चालेल. आधी पाणी ठेवा आणि अंगणाचा एक कोपरा झाडायचा सोडा.