'स्नेहबंध'वर क्लिक करा

वेबसाइट सुरू झाली त्या आठवड्यात मला सात फोन आले. दोन अभिनंदनाचे, तेही नात्यातले. उरलेल्या पाचांत प्रश्न एकच : "वाचनालय किती वाजता उघडतं हो?"

वेळ साइटवर होती. मीच टाइप केली होती. 'स्नेहबंध' नावाच्या पानावर, संस्थापकांच्या चरित्राखाली, त्याच्याखालच्या आवाहनाच्याही खाली. पाचही जणांना मी जरा रागावूनच सांगितलं, "साइटवर दिलंय की सगळं!" एक बाई म्हणाल्या, "असेल हो, पण मला फक्त वेळ हवी होती."

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावातलं. कार्यकारिणीच्या सभेत अध्यक्षांच्या परवानगीने 'ऐनवेळचे विषय' सुरू झाले, कुणीतरी म्हणालं की आता आपली वेबसाइट हवी, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बँकेतून निवृत्त झालेला. शेवटची पंधरा वर्षं संगणकासमोर गेली. संगणकावर काम केलेल्या माणसाला संगणकाचं काम येतं असा गावात समज आहे. माझाही होता.

तयार साचे मिळतात, त्यात मजकूर भरला की झालं, असं भाचीने पुण्याहून फोनवर सांगितलं होतं. पण विकतचा फराळ नको, घरचाच करू, तसलं काहीतरी माझ्या डोक्यात शिरलं. नोटपॅड उघडून, व्हिडिओ बघून बघून, दोन महिन्यांत मी एचटीएमएलची पानं रचली. डोळ्यांपुढे नमुना कसला होता, ते आज नीट कळतं : लग्नपत्रिकेचा. वर 'श्री', खाली गणपती, मग केशरी जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत वाचनालयाचं नाव, दोन्ही बाजूंना गोल फिरणाऱ्या पणत्या, खाली उजवीकडून डावीकडे धावणारी 'सुस्वागतम्'ची पट्टी, आणि मग कार्यकारिणीची नावं. पत्रिकेत शेवटी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असतं, ते तेवढं राहिलं.

बासरीही टाकली होती. पान उघडलं की वाजावी म्हणून. ती वाजेना. आठवडाभर मी बासरीची फाइल बदलत बसलो. मग वाचनात आलं की लोक वैतागले म्हणून क्रोमने २०१८ सालीच, बघणाऱ्याने काही दाबल्याशिवाय आवाज वाजवायला बंदी घातली आहे. नशीब वाचकांचं.

खरा दणका साइट सर्व्हरवर चढवल्यावर बसला. रात्री अकराला कार्यवाहांचा फोन. "अहो, हे काय चिनी उमटलंय?" मी लॅपटॉपवर पाहिलं, सगळं मराठी, सुरेख. "तुमच्या फोनचा काहीतरी प्रॉब्लेम असेल," म्हणून मी झोपलो. सकाळी बायकोच्या फोनवर पाहिलं, तर तिथेही तेच. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग कसलंसं चिन्ह, मग आणखी एक, पुन्हा तोच ए. सगळ्यात वरच्या 'श्री'च्या शेवटी तर चक्क जपानी येनची खूण आणि तिला चिकटून युरोची.

याचं कारण कळलं तेव्हा मला ते इतकं आवडलं की चूक केल्याचं दुःखच राहिलं नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, तीन-तीन बाइटमध्ये साठवलं जातं. मजकूर कोणत्या पद्धतीत लिहिलाय हे पानाने वर सांगायचं असतं. नाही सांगितलं, तर ब्राउझर जुन्या युरोपी पद्धतीने एका बाइटचं एक चिन्ह करून वाचतो आणि एका अक्षराची तीन होतात. दीर्घ वेलांटीच्या तीन बाइटची त्या पद्धतीत होतात तो रेघेचा ए, येन आणि युरो. बँकेतल्या एवढ्या वर्षांत परकीय चलनाच्या खात्याला माझा कधी हात लागला नाही. इथे दर दुसऱ्या शब्दाला येन आणि युरो जमा होत होते. उपाय एका ओळीचा : पानाच्या डोक्यात, शीर्षकाच्याही आधी, 'मेटा चारसेट यूटीएफ-८'. व्हिडिओवाल्याने ती ओळ लिहिली होती. मला ती नमनाचं घडाभर तेल वाटली, म्हणून मी गाळली.

मग माझ्या लॅपटॉपवर सगळं बरोबर कसं? कारण मी वेबसाइट बघतच नव्हतो. मी डेस्कटॉपवरच्या फाइलवर डबलक्लिक करून तीच बघत होतो. घरच्या फाइलच्या बाबतीत क्रोम त्या पद्धतीचा अंदाज बांधून घेतो, सर्व्हरवरून आलेल्या पानाला ती सवलत देत नाही. फोटोंचं तेच. माझ्या पानात फोटोंचा पत्ता 'सी' ड्राइव्हपासून सुरू होत होता. म्हणजे जगातल्या प्रत्येक वाचकाने संस्थापकांचा फोटो बघायला माझ्या लॅपटॉपच्या 'सी' ड्राइव्हमध्ये यायचं. पत्ते सुधारले, तरी चौदापैकी पाच फोटो दिसेनात. त्या फायलींच्या शेवटी जेपीजी मोठ्या लिपीत होतं आणि पानात मी ते लहान लिपीत लिहिलं होतं. विंडोजला याने फरक पडत नाही. सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला पडतो. तेव्हापासून मी फाइलला नाव देताना सगळं लहान लिपीत लिहितो, मध्ये जागा सोडत नाही, आणि पान नेहमी दुसऱ्याच्या फोनवर, वायफाय बंद करून बघतो.

दिवाळीला भाची आली. तिचं कामच हे. फराळाची ताटली मांडीवर घेऊन तिने फोनवर साइट उघडली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मी बेसनाचा लाडू पुढे केला.

"मामा, शीर्षक असं का तोडलंयस?"

मोठी शीर्षकं जरा ऐसपैस दिसावीत म्हणून मी 'लेटर-स्पेसिंग' वाढवलं होतं. इंग्रजी साइटींवर ते झोकदार दिसतं. आपली अक्षरं शिरोरेखेला टांगलेली. अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते. 'वाचनालय' हा शब्द वा, च, ना, ल, य असा पाच ठिकाणी पडला होता, वाऱ्याने दोरी तुटून अंगणात विखुरलेल्या कपड्यांसारखा. मी तो रोज बघत होतो आणि मला ते दिसलंही नव्हतं. खालच्या परिच्छेदांत उलटा प्रकार. ओळी इतक्या दाटीने बसवलेल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकलेला. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. तिने ओळींमधलं अंतर अक्षराच्या पावणेदोनपट केलं आणि पान एकदम श्वास घ्यायला लागलं. फॉन्ट 'मुक्त' लावला, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा, फुकट मिळतो. आणखी एक बारीक गोष्ट तिने केली, ती मला फारच भावली : पान मराठीत आहे हे तिने कोडमध्ये सांगितलं. ज्या फॉन्टांत सोय असते, त्यांत एवढ्यानेच 'ल' आणि 'श' हिंदी वळण सोडून आपल्या बालभारतीच्या वळणावर येतात.

मग केशरी रंग. "पांढरी अक्षरं दिसतायत का तुला?" म्हणाली. मला दिसत होती. तिने मला गॅलरीत, उन्हात उभं केलं. दिसेनात. रंगांमधल्या फरकाचंही गणित असतं, हे मला ठाऊक नव्हतं. साध्या मजकुरासाठी तो निदान साडेचारास एक हवा, असं वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या निकषांत आहे. माझ्या केशरी-पांढऱ्याचा निघाला सुमारे २.१. त्याच केशरीवर काळी अक्षरं ठेवली तर जवळजवळ १०. आमचे निम्मे सभासद मोतीबिंदूच्या अलीकडचे किंवा पलीकडचे. त्यांच्यासाठी मी दोन महिने खपून न दिसणारी अक्षरं तयार केली होती.

फोनवर ते पान अख्खंच्या अख्खं दिसत होतं, पण देवघरातल्या तसबिरीएवढं. पान पडद्याएवढं मांडायला सांगणारी व्ह्यूपोर्टची ओळ कोडमध्ये नसली की फोन स्वतःला मोठा पडदा समजून पान साधारण ९८० पिक्सेल रुंद मांडतो आणि मग आक्रसतो. ती ओळ घातली. आता पान उजवीकडे फोनच्या बाहेर निघालं, कारण मी रुंदी १२०० पिक्सेल ठोकून दिली होती. ते सोडवण्यात भाऊबीज गेली. फोटो तर एकेक पाच एमबीचा, कॅमेऱ्यातून निघाला तसा चढवलेला. तो १२०० पिक्सेल रुंदीचा करून नीट दाबला की दोनशे केबीच्या आत बसतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. अध्यक्षांना कळला. "माझा फोटो लहान केलात?" म्हणाले. आकार तोच आहे, वजन कमी केलंय, म्हटल्यावर खूश झाले.

इथपर्यंतच्या चुका अडाणीपणाच्या, शिकलं की जाणाऱ्या. पण दुसऱ्या दिवशी तिने जे केलं त्याने मला जास्त लागलं. तिने तीन माणसं बोलावली : शेजारचे निवृत्त गुरुजी, ग्रंथपालबाईंचा दहावीतला मुलगा आणि तिची मामी, म्हणजे आमची ही. प्रत्येकाच्या हातात फोन देऊन एकच काम सांगायचं : शनिवारी संध्याकाळी वाचनालय उघडं असतं का, ते शोधा. मला अट एवढीच की तोंड उघडायचं नाही. स्टीव्ह क्रुग नावाच्या माणसाने २००० साली 'डोन्ट मेक मी थिंक' हे पुस्तक लिहिलं, त्यातली ही रीत, असं ती म्हणाली.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि स्वागताचा मजकूर पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला. "छान उतरलंय," म्हणाले. मी सुखावलो. मग मेनूवर आले. माझ्या मेनूत चार शब्द होते : 'ज्ञानगंगा', 'अक्षरसेवा', 'कृतज्ञता', 'स्नेहबंध'. एकेका शब्दावर मी संध्याकाळ-संध्याकाळ घालवली होती. गुरुजींचं बोट त्यांच्यावरून फिरलं, थबकलं, परत पहिल्यावर आलं. "ज्ञानगंगा म्हणजे... प्रवचनं वगैरे?" ती पुस्तकांची यादी होती. 'अक्षरसेवा' त्यांना शुद्धलेखन तपासून देण्याची सोय वाटली. ते सभासद होण्याचं पान होतं. मी जीभ चावून बसलो होतो. सात मिनिटांनी त्यांनी फोन परत दिला. म्हणाले, "माझंच चुकत असेल. मला यातलं फारसं कळत नाही."

ते वाक्य अजून जात नाही. वर्गात चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, माझ्या मराठीत अडकून मलाच सॉरी म्हणत होता.

हिने सरळ पणतीवर बोट ठेवलं. दोनदा, तीनदा. "ही हलतेय म्हणजे हीच दाबायची ना?" पट्टी सोडली तर पानावर हलणारी वस्तू तेवढीच, तेव्हा तिचं काय चुकलं? मुलाने मेनू वाचलाच नाही. खाली झर्रकन बोट फिरवलं, फोन नंबर सापडला, त्यावर टकटक केली. काही होईना. नंबर म्हणजे मी रंगवून घेतलेल्या फलकाचा फोटो होता, चित्रातला आंबा. तो साइटमधून बाहेर पडला, नकाशावर वाचनालय शोधलं, तिथला नंबर दाबला, आणि माझ्या सदऱ्याच्या खिशातला फोन वाजला. "काका, शनिवारी संध्याकाळी उघडं असतं का?" असं त्याने समोर बसून मला फोनवर विचारलं.

त्या रात्री मेनू बदलला. पुस्तकं, सभासद व्हा, वाचनालयाविषयी, संपर्क. लिहायला दोन मिनिटं लागली, मान्य करायला वेळ लागला. वेळ आता नावाच्या लगेच खाली आहे, सुटीचा वार धरून. नंबर खरा आहे, बोट लावलं की फोन लागतो. पणत्या गेल्या, पट्टी गेली. अध्यक्षांचा संदेश 'वाचनालयाविषयी'त गेला. त्यावर सभेत पाऊण तास चर्चा झाली. तिचा वृत्तान्त देत नाही. 'स्नेहबंध' हा शब्द मी संपर्काच्या पानावर शेवटच्या ओळीत ठेवलाय. कुणाला दिसत नाही, मला माहीत आहे तो कुठे आहे.

यादीचं घोंगडं मात्र भिजत पडलंय. दाखल-नोंदवहीची पानं स्कॅन करून मी एक भली मोठी पीडीएफ चढवली होती. ती दिसते यादीसारखी, पण आहे फोटो. 'बनगरवाडी' शोधा म्हटलं तर हाती काही लागत नाही. त्याआधीची एक यादी डीटीपीच्या जुन्या फॉन्टात होती, ती चिकटवली तर रोमन अक्षरांचा खच पडतो. (ही अगम्य भाषा निराळी, तिच्यात येन नाही.) म्हणून आता ग्रंथपालबाई वाचतात आणि मी युनिकोडमध्ये टाइप करतो : पुस्तक, लेखक, दाखल क्रमांक. पुस्तकं बारा हजारांच्या घरात आहेत. सोमवारी वाचनालय बंद असतं, तेव्हा आम्ही दोघं आत बसतो.

परवाच्या सोमवारी असेच बसलो होतो. फोन वाजला.

"नमस्कार, तुमच्या साइटवर लिहिलंय की सोमवारी बंद."

"हो, बरोबर आहे."

"मग मी आत्ता दारात उभा आहे, दार उघडं कसं?"

मी खिडकीतून वाकून पाहिलं. हातात पिशवी, पिशवीत परत करायची दोन पुस्तकं. बाई म्हणाल्या, "घ्या आत, वाचून दाखवायला होतील."